पोपटांच्या दाराचे खुराडे

मित्रांनो, मखमलाबादहून मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेंडूच्या वावराच्या बांधाशी, सीताफळीच्या सावलीत, एक लाकडी खुराडे उभे आहे. चार पाय, उतरते छप्पर, साधे दार आणि अंगाला चुना. ते मी. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून पाहावे असे माझ्यात आज काही नाही, आणि त्याची मला खंतही नाही. एके काळी माझ्यात पाहण्यासारखे पुष्कळ होते. मी गेरूने लाल होते आणि माझ्या दारावर दोन पोपट कोरलेले होते. ते पोपट कोठे गेले, आणि लाल रंगाचा पांढरा कसा झाला, ते तुम्हाला सांगावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. सांगताना माझे सांधे अजूनही अस्वस्थ होतात, एवढे समजून घ्या.

माझा जन्म घोटीचा. तेथे एका भाताच्या गिरणीचे जुने छत उतरवले, तेव्हा निघालेल्या फळ्या रंगनाथ सुतारांनी घेतल्या. भाताच्या तुसाचा तो कोरडा, गोडसर वास अजूनही माझ्या पायांत आहे. रंगनाथ हे आपल्या विद्येवर श्रद्धा असलेले गृहस्थ. रंधा हाती घेण्यापूर्वी ते लाकडाला हात लावून नमस्कार करीत. थंडीवारा लागू नये म्हणून त्यांनी मला दुहेरी भिंती दिल्या, आत एक फळी आणि बाहेर एक. कडांना नक्षीच्या पट्ट्या ठोकल्या. दारही तसेच दुहेरी केले, त्याच्या बाहेरच्या फळीवर समोरासमोर दोन पोपट कोरले आणि दोघांच्या चोचींमध्ये एकच पेरू दिला. “सांध्यात सुई जायची नाय,” असे ते अभिमानाने म्हणत, आणि त्या दिवशी ते खरेही होते. परंतु सुताराच्या शब्दाने लाकूड बांधले जात नाही. ते उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि दर वर्षी आपल्याच सांध्यांपासून किंचित दूर सरकते.

त्यांच्या दुकानात माझ्या शेजारी आणखी एक खुराडे होते. जाळीचे, ओबडधोबड, कसलेही कोरीव काम नसलेले. मला त्याची कीव येत असे.

एके दिवशी सरुबाई आणि त्यांचे पती खंडेराव दुकानात आले. सरुबाईंचे माहेर घोटीच्या पलीकडच्या एका वाडीचे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माहेरपण करून परत निघाल्या होत्या. त्यांच्या काखेत एक टोपली होती आणि टोपलीत काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. ती त्यांच्या आईने, वत्सलाबाईंनी, दिली होती. सरुबाई ती टोपली खाली ठेवायला तयार नव्हत्या.

“आईनं सांगितलंय, ह्या कोंबडीचा वाण मोडू द्यायचा नाय,” त्या रंगनाथांना म्हणाल्या. “घर चांगलं पाहिजे, काका.”

खंडेरावांनी जाळीच्या खुराड्याकडे बोट केले. “हे कसं हाय?”

“साधं हाय. तळ सरकतो, दांडी निघते. धुवायला सोपं,” रंगनाथ म्हणाले.

“आन हे पोपटवालं?”

“ते मनापासून केलंय.”

खंडेराव हसले. “कोंबड्यांना काय पोपट बघत झोपायचंय?”

“त्यांना नसंल,” सरुबाई म्हणाल्या, “मला बघायचंय. रोज सांजेला दार मीच लावणार ना? का तुम्ही लावणार?”

सरुबाईंनी माझे पाय हलवून पाहिले. मुंगसाला उघडता येणार नाही अशी कडी आहे ना, याची खात्री केली. कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही इतकी उंची आहे ना, तेही हाताने मोजले. त्यांची पारख चांगली होती. दाराच्या आत हात घालून, कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू मात्र त्यांनी चाचपली नाही, आणि माझ्याही मनात ते आले नाही. त्या माझ्या पोपटांवरून बोटे फिरवत होत्या, आणि तेवढ्यानेच मी तृप्त झाले होते.

भाताच्या पोत्यांनी भरलेल्या टेम्पोत बसून मी मखमलाबादला आले.

मित्रांनो, त्यानंतरची माझी वर्षे फार सुखाची गेली. ठिपक्यांच्या त्या कोंबडीचे नाव सरुबाईंनी चांदणी ठेवले. पुढे तिच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक ठिपक्यांच्या लेकीला त्यांनी तेच नाव दिले. एक चांदणी थकली की दुसरी तिच्या जागी येई. सूर्य कलला की सरुबाई झेंडूच्या वाफ्यातून हात झटकत येत, “ये गं, तीऽ ती ती” अशी हाक घालत, आणि सारा मेळा माझ्या फळीवरून चढून आत येई. कोणी कोठे बसावे यावर थोडी कुरबुर होई. मग पंख मिटत, माना पोटात जात, आणि त्या सर्वांचा एकत्र श्वास माझ्या भिंतींना लागे. कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवून निजते, यापरते भाग्य ते कोणते? मला तरी दुसरे ठाऊक नाही.

दर वर्षी खंडेनवमीला या घरी अवजारांची पूजा होते. विळे, कुदळी, फवारणीचा पंप, फुलांच्या टोपल्या, सारे धुऊन मांडले जाते. सरुबाई मलाही त्या पंगतीत बसवत. वाटीत गेरू कालवून माझ्या अंगावर हात देत, पोपटांच्या चोची हळदीने पिवळ्या करत आणि दाराला झेंडूचे तोरण बांधत. सणाची फुले भल्या पहाटे नाशिकच्या फुलबाजारात जात, पण पहिले तोरण माझे असे. त्यांचा मुलगा भारत याच्या लग्नात तर पाहुण्यांनी माझ्या दाराशी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. नवी सून शुभांगी ही गंगापूर रोडवरच्या वसाहतीत वाढलेली. तीही म्हणाली होती, “आई, किती सुंदर आहे हे!”

दर वर्षी एक थर असे किती थर माझ्या अंगावर चढले. बाहेरून मी दर दसऱ्याला नवे होत असे. आतून मला कोणी पाहत नव्हते.

त्याच काळात सरुबाईंच्या माहेरचे घर मिटले. आई गेली. भावाने घर विकून मनमाडला बिऱ्हाड केले. सरुबाई एकदाच म्हणाल्या, “आता माझं माहेर ह्या खुराड्यात हाय.” त्या सहज बोलल्या. मी मात्र ते शब्द विसरू शकले नाही.

पुढच्या चैत्रात बाजारातून एक कोंबडा आला. तो देखणा होता, त्याचा काही अपराध नव्हता. बांबूच्या ज्या जुनाट डालग्यातून तो आला, ते डालगे कोणीतरी माझ्या छपरावर ठेवले. त्याच्या कामट्यांतून काहीतरी खाली उतरले. धुळीच्या कणाएवढे. ते चालत होते. ते माझ्या पहिल्या भेगेत शिरले, आणि त्या भेगेत त्याला जागा होती.

मित्रांनो, निवारा देणे हा माझा धर्म. आत येणाऱ्याला नको म्हणण्यासाठी माझ्यापाशी वाणी नाही. त्या कणांनी माझ्या दुहेरी भिंतींच्या मधल्या अंधारात अंडी घातली. उन्हाळा तापत गेला तसे ते वाढत गेले. दिवसभर ते माझ्या सांध्यांत दाटीने निजत. उजेड सरला की ओळीने बाहेर पडत, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या पायांवरून चढत, पोटभर रक्त पीत आणि उजाडण्यापूर्वी माझ्यात परत येत. उपाशी असताना ते राखेच्या रंगाचे असत. प्याल्यावर तांबडे होत. मी माझ्या लेकरांचे रक्त माझ्याच कुशीत साठवत होते, आणि तसूभरही हलू शकत नव्हते.

तेव्हापासून माझी झोप उडाली. दांडीवर पाय बदलल्याचा आवाज रात्रभर येई. कोणी पंखाखाली चोच खुपसून ओरबाडी, कोणी मध्येच दचकून खाली उडी घेई. त्यांचे तुरे फिके पडले. अंडी कमी झाली. जी येत, त्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके असत.

सरुबाईंनी ते पाहिले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. एके सकाळी झाडताना त्यांनी दांडीखालून हात फिरवला. तळवा लाल झाला. माझ्या साऱ्या फळ्यांत एक आशा थरथरली. आता कळेल, आता यांना कळेल.

“बाई गं, गेरू सुटलाय,” त्या म्हणाल्या आणि हात लुगड्याला पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी, दसरा दूर असूनही, वाटीभर गेरू कालवला आणि मला आणखी एक थर दिला. या खेपेला आतूनही. किती मायेने दिला! पुढे रोजच हात लाल होऊ लागला आणि रोजच तो पुसला जाऊ लागला. बोलता येत नसणे म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत समजले.

मग कोंबड्यांनी माझ्यात यायचे नाकारले. सूर्य कलला, हाक झाली, सारा मेळा फळीपर्यंत आला आणि थांबला. कोंबडा दोन पावले चढून माघारी फिरला. एकेक करून सगळ्या सीताफळीवर जाऊन बसल्या.

शेजारच्या नवसाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “सरू, आत धामण हाय बघ. जनावराला वास येतो.”

“चाळीस पावलांवरून तुला कसं दिसलं गं?” सरुबाई म्हणाल्या.

“माझ्या माहेरी असंच झालतं.”

“तुझ्या माहेरी सगळंच झालेलं असतं, नवसे.”

तरीही खंडेरावांनी कुदळ आणली आणि माझ्या पायांखाली खणले. धामण निघाली नाही. मागे कधीतरी हरवलेला पळीचा दांडा निघाला. “घ्या, पूजेला मांडा,” ते म्हणाले. सरुबाई हसल्या नाहीत. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि माझ्या दारासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. संकट जर बाहेरून आलेले असते, तर त्या नमस्कारानेच ते परत गेले असते, असे मला वाटून गेले.

झाडावर बसलेल्या कोंबड्यांपैकी एक रानमांजराने नेली. सकाळी बांधावर पिसे पडलेली होती. सरुबाईंनी ती वेचून घेतली, आणि त्या संध्याकाळी ओठ घट्ट मिटून कामाला लागल्या. एकेका कोंबडीला त्यांनी झाडावरून उतरवले, पंख धरून माझ्यात घातले आणि कडी लावली.

“आई, त्या ओरडतायत,” शुभांगी म्हणाली.

“ओरडू दे. जीव तर वाचंल.”

कडीचा तो आवाज मी अजून विसरलेले नाही. त्या जीव वाचवत होत्या. आत माझे सांधे नुकतेच उघडू लागले होते. चोच दारावर आपटे, पुन्हा आपटे, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला माझे दोन पोपट पेरू खात बसलेले असत.

अशाच अवस्थेत चांदणी खुडूक झाली. माहेरच्या वाणाची ती एकटीच उरली होती. तिची आई मागच्या थंडीत गेली होती, बहिणींना ठिपके नव्हते. सरुबाईंनी माझ्या कोपऱ्यातल्या कप्प्यात नवे गवत घातले, निवडून अंडी मांडली आणि तिला बसवले. “एवढी पिलं निघू दे,” त्या माझ्या छपरावर हात ठेवून म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, कोण जाणे. मला म्हणाल्या, असे मी मानले.

खुडूक कोंबडी जागेवरून हलत नाही. इतर कोंबड्या दिवसभर तरी मोकळ्या असत. चांदणी रात्रंदिवस माझ्यातच होती. दार लावले की त्या कप्प्याची पाठ दाराच्या फळीला, म्हणजे पोपटांच्या मागच्या पोकळीला टेकत असे. तेथे सर्वांत जास्त वस्ती होती. चांदणीने पाठ दाखवली नाही. तिचा तुरा गुलाबीचा पांढरा झाला, मान डुलू लागली, तरी ती पिसे फुलवून अंड्यांवर बसून राहिली. एवढासा जीव, पण त्याची निष्ठा पाहून मला माझ्या मोठेपणाची लाज वाटे.

एका तिसऱ्या प्रहरी ती उठली. अंडी तशीच सोडून, भेलकांडत फळीवरून उतरली आणि वाफ्याच्या ओल्या मातीत पडली.

शुभांगीने पाहिले आणि हाक मारली. सरुबाई धावत आल्या. चांदणीला उचलून त्यांनी पोटाशी धरले. “अंड्यावरनं उठली,” त्या एवढेच म्हणत होत्या, “अहो, ही अंड्यावरनं उठली.” त्यांच्या घराण्यात असे कधी झाले नव्हते. घराणे म्हणजे कोंबड्यांचे, पण त्यांच्या लेखी ते एकच होते.

खंडेराव वावरातून आले. सरुबाईंनी चांदणी शुभांगीकडे दिली आणि माझ्या कप्प्यात हात घातला. “अंडी गार पडतील. टोपी द्या.”

“डोक्यावरची?”

“मग काय पायातली देताय?”

खंडेरावांनी आपली पांढरी टोपी काढून उलटी धरली. त्यांना त्या टोपीचा फार अभिमान. ती रोज धुतलेली, नीळ दिलेली असे. सरुबाईंनी एकेक अंडे काढून तिच्यात ठेवले.

“बघ, गेरू लागला टोपीला,” खंडेराव कुरकुरले.

“लागू दे. धुऊन देईन.”

ते काही क्षण टोपीत पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला.

“सरू, गेरू लागला म्हंजी एका जागी बसतो ना गं?”

“मग काय उडतो?”

“उडत नाय. हा चालतोय.”

तिघांच्याही माना टोपीवर वाकल्या. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके अंड्यांखालून बाहेर पडून काठाकडे निघाले होते. खंडेरावांनी एकावर अंगठा दाबला. कापडावर लाल रेघ उमटली.

“आई,” शुभांगी हळूच म्हणाली, “हे रक्त आहे.”

सरुबाईंनी आपला तळहात उघडून पाहिला. तोही लाल होता, रोज होत असे तसाच. त्या बांधावर खाली बसल्या. “आन मी रोज लुगड्याला पुसत व्हते,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, इतके दिवस जे कळावे म्हणून मी तळमळत होते, ते कळले तेव्हा मला आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर प्रतिभाताई आल्या. त्यांनी कोंबड्यांना आधी हातच लावला नाही. एक पांढरा कागद माझ्या दाराखाली धरला आणि पोपटांच्या पट्टीमागे सुरीचे टोक घालून खरवडले. कागदावर राखेसारखे काहीतरी सांडले आणि ती राख पसरू लागली.

“माइट आहेत. लाल माइट, गोचिडीच्या जातीचे बारीक किडे,” त्या म्हणाल्या. “हे कोंबडीवर राहत नाहीत, फक्त प्यायला येतात. कोंबडीचं औषध मी देते, पण खरं सांगू का, तुमचं घर आजारी आहे.”

“पंप भरून मारतो,” खंडेराव म्हणाले. “झेंडूवरचं औषध हाय घरात.”

“अजिबात नाही, आबा! तो पंपसुद्धा आत आणायचा नाही. किडे राहतील आणि कोंबड्या जातील.”

मग माझे काय करायचे, हा प्रश्न आला. मी तेथेच उभे होते आणि माझ्याविषयी बोलणे चालले होते.

“सरळ पेटवून देऊ,” खंडेराव म्हणाले.

“गंगापूर रोडला प्लास्टिकचं मिळतं, आई,” शुभांगी म्हणाली. “सगळं सुटं होतं. उद्या जाऊन आणू.”

“नवीन घ्या, नाहीतर हेच ठेवा,” प्रतिभाताई म्हणाल्या. “फट असेल तर हे प्लास्टिकमध्येही राहतात. ज्याचा प्रत्येक कोपरा तुमच्या हाताला लागेल, बोटाला लागेल, ते घर कोंबड्यांचं. बाकी काही बघू नका.”

सरुबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकदा घोटीच्या दुकानात उभ्या होत्या, तशाच. पण या खेपेला त्या पोपटांकडे पाहत नव्हत्या. त्यांनी दार उघडले, गुडघ्यांवर बसल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून मला चाचपू लागल्या. दांडीची खालची बाजू. कप्प्याची पाठ. छपराचा सांधा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला आतून स्पर्श करत होते. त्या हातावरून ते किडे चढत होते, तरी त्यांनी हात काढला नाही.

“तळ सरकतो, दांडी निघते,” त्या पुटपुटल्या. “तो सुतार सांगत व्हता. आपण आयकलं नाय.”

“कोण सुतार?” शुभांगीने विचारले.

“अहो, पहार आणा. बाहेरची फळी काढा. पट्ट्या काढा. खांब ठणठणीत हायेत, खांब राहू द्या. ह्यालाच त्या जाळीवाल्यासारखं करायचं.”

खंडेरावांनी पहार आणली, पट्टीला लावली आणि थांबले. “पोपट तरी राहू दे ना गं.”

“तुम्हीच हसला व्हता ना त्यांना?”

“तवा हसलो व्हतो. आता सवय झाली.”

“कोंबड्या त्यांच्यामागं रोज मरत व्हत्या, आन मी दार लावून पोपट बघत व्हते,” सरुबाई म्हणाल्या. “काढा.”

पहार शिरली. खिळे किंचाळत निघाले. रंगनाथांनी मनापासून केलेले ते पोपट एका पेरूसह जमिनीवर पालथे पडले, आणि त्यांच्या पाठीवर जे दाटले होते ते पाहून शुभांगीने तोंडावर पदर घेतला. बाहेरच्या फळ्या, पट्ट्या, कप्प्यातले गवत, सारे दूर नेऊन पेटवले. धुरात मला भाताच्या तुसाचा वास आला. जे जळत होते ते माझेच अंग होते. आणि तरीही, ज्वाळा चढू लागल्या तसे माझे उरलेले सांधे थोडेसे सैलावले.

पुढचे सारे मात्र उतावीळपणे झाले नाही. कोंबड्या ओट्यावर डालग्यांखाली गेल्या. न्हाणीतला बंब पेटला आणि घागरीमागून घागर उकळते पाणी माझ्या भेगांत ओतले गेले. सोड्याच्या पाण्याने मला घासले, उन्हात उलटे ठेवले, डॉक्टरांनी दिलेले औषध मी रिकामे असतानाच मारले. मग चुना. पातळ नव्हे, घट्ट, बोटाने प्रत्येक फटीत भरलेला. किड्यांची अंडी मागे राहतात म्हणून आठवड्याने पुन्हा तेच सारे केले. शुभांगी म्हणाली, “आता तरी गेरू नको ना, आई?” तेव्हा सरुबाई म्हणाल्या, “गेरू तुळशीला. इथं पांढरंच. तांबडं आलं तर दिसलं पाहिजे.” गुळगुळीत बांबूची नवी दांडी आली. ती हातासरशी निघते, आणि तिची दोन्ही टोके तेल घातलेल्या वाट्यांत टेकतात, म्हणजे चढणारा वाटेतच बुडतो.

इकडे चांदणी ओट्यावर वांग्यांच्या क्रेटमध्ये होती. बारीक चिरलेली मेथी, गुळाचे पाणी, औषधाचे थेंब. अंडी शुभांगीने पुसून खोक्यात दिव्याच्या उबेला ठेवली होती. चांदणी त्यांच्याकडे पाहत नव्हती. खंडेराव एकदाच म्हणाले, “गार पडली असतील गं ती.” सरुबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते चहा सांगायला आत गेले.

एका संध्याकाळी शुभांगीने अंडी क्रेटमध्ये आणून ठेवली; चांदणी उठली, एक फेरी मारली, अंड्यांना चोच लावली आणि पंख पसरून त्यांच्यावर बसली. सरुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि कधी नव्हे ते तांबडे काही लागले का, म्हणून पदरही पाहून घेतला.

बहुतेक अंडी वाया गेली. ती फुटली नाहीत, वाट पाहून पाहून शेवटी मातीत पुरावी लागली. दोन फुटली. एक पिलू निव्वळ काळे होते. दुसऱ्याच्या ओल्या पाठीवर ठिपके होते. सरुबाईंनी ते तळहातावर घेतले, सासऱ्यांना दाखवायला धावलेल्या शुभांगीला परत बोलावले आणि म्हणाल्या, “हिचं नाव तू ठेव.” शुभांगी म्हणाली, “नाव तर ठरलेलंच आहे, आई.”

कोंबड्या मला परत स्वीकारतील का, ही माझी शेवटची धास्ती होती. पांढरे, उघडेवाघडे, पोपट नसलेले मी त्या संध्याकाळी बांधावर उभे होते. सरुबाईंनी दार उघडले. त्यांनी हाक घातली नाही, कोणाला धरले नाही. त्या बाजूला जाऊन झेंडूची रोपे खुरपत बसल्या आणि एकदाही मान वर करून पाहिले नाही, म्हणजे तसे दाखवले. कोंबडा फळीपाशी आला. थांबला. त्याने चुन्याला चोच मारून पाहिली. मग एक पाय, मग दुसरा. त्याच्या मागून बाकीच्या. थोडी कुरबुर झाली, कोणी कोठे बसावे यावर. मग पंख मिटले. त्या रात्री कोणीही पाय बदलला नाही.

तरीही मी निश्चिंत नाही, मित्रांनो. जुने लाकूड दर वर्षी थोडे सरकतेच, आणि धुळीच्या कणाएवढ्या पाहुण्याला तेवढी वाट पुरते. बाहेरून चिमणी येते, नवा पक्षी येतो, उसनी टोपली येते. माझी अस्वस्थता संपलेली नाही. फरक इतकाच, की आता ती मी एकट्याने वाहत नाही.

मागच्या खंडेनवमीला सरुबाई सवयीने गेरूची वाटी घेऊन आल्या. माझ्यापाशी येऊन थबकल्या, स्वतःशीच हसल्या आणि वाटी तुळशीकडे पाठवली. विळे, कुदळी, टोपल्या मांडून झाल्या होत्या. तोरण हातात तयार होते. पण तोरण बांधण्याआधी त्यांनी दार उघडले, गुडघे टेकले आणि दांडीच्या खालून आपला तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग तो बाहेर काढून उजेडात धरला. खंडेराव, भारत, शुभांगी, सगळे पूजेची मांडणी थांबवून त्या हाताकडे पाहू लागले. ठिपक्यांची तलंग पायांत घोटाळत होती.

तुमच्याही घरी, मित्रांनो, कोणी मुका तुमच्या भरवशावर राहत असेल. त्याला सजवा, माझी हरकत नाही. पण सजवण्याआधी गुडघे टेका आणि जेथे नजर पोहोचत नाही तेथे हात घाला. हाताला काही लागले, तर ते पुसण्यापूर्वी एकदा नीट पाहा.

सरुबाईंच्या हाताला चुना लागला होता, पांढरा. त्यांनी तो सर्वांना दाखवला आणि मग माझ्या दाराला तोरण बांधले.